बाळाचे नाव आणि घराण्याचे आडनाव



वसंतातल्या या व्याख्यानांत राज्यकारभार, साहित्य, विज्ञान असे मोठमोठे विषय येतात. आजचा विषय मात्र अगदी घरगुती आहे. बाळाचे नाव काय ठेवावे, आणि ते आपल्या आडनावाशी कसे जुळवावे? विषय लहान दिसतो खरा. पण माणूस घर बदलतो, धंदा बदलतो, गावही सोडतो. नाव मात्र सत्तर-ऐंशी वर्षे त्याच्याबरोबर चालते. आणि ज्याने ते वाहायचे, त्याला आपण विचारलेलेच नसते!

आपल्या शहराला तरी नावाचे महत्त्व सांगावयास नको. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली ही खडकी त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या, काळात फतेहनगर झाली, औरंगजेबाच्या सुभेदारीत १६५३ मध्ये औरंगाबाद झाली आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाली. शहराचे नाव बदलावयास राजवटी लागतात. माणसाला राजपत्र पुरते. परंतु राजपत्रानंतर शाळेपासून बँकेपर्यंत प्रत्येक कागद बदलीत बसावे लागते. म्हणून आरंभीच चार दिवस विचार करावा, हे बरे.

एक घर डोळ्यांपुढे आणा. समजा, सिडकोतल्या एका देशमुखांकडे मुलगी झाली आहे. आजोबांना वाटते, पणजीचे नाव चालावे: गोदावरी. आत्या म्हणते, "वर्गात दुसऱ्या कोणाचे नसेल असे नाव हवे." पत्रिका सांगते, हस्त नक्षत्राचे तिसरे चरण, अक्षर 'ण'. आता 'ण'ने सुरू होणारे नाव मराठीत आणावे कोठून? आर्द्रेच्या एका चरणाला तर 'ङ' येतो! पत्रिकेतले नाव निराळे आणि हाकेचे निराळे, ही सोय आपल्या घरांतून चालत आली, ती उगीच नव्हे. तेव्हा या देशमुखांनी काय करावे?

प्रथम असे पाहा की, नाव किती वेगळे असावे हे आवडीवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक आडनावावर आहे. देशमुख, पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात वतनांची, हुद्द्यांची नावे. जितके परगणे तितके देशमुख आणि जितकी गावे तितके पाटील! अशा घरात नेहमीचे नाव ठेवले की एकाच शाळेत, एकाच दवाखान्यात, एकाच मतदारयादीत त्याच नावाची तीन माणसे उभी राहतात, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती जातो. उलट पैठणकर, वैजापूरकर, कन्नडकर अशी गावावरून आलेली, किंवा नांदेडकडची 'वार'ने संपणारी आडनावे पुष्कळशी ओळख स्वतःच सांगतात. तेथे साधे, परिचित नावही शोभून दिसते. नरहर कुरुंदकर हे नाव घ्या. 'नरहर' हे जुन्या वळणाचे नाव आणि 'कुरुंदकर' हे कुरुंदा गावावरून आलेले आडनाव. दोन्ही मिळून एकच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. दुसरीकडे परभणीचे कवी बी. रघुनाथ पाहा. त्यांचे पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. कुलकर्णी हजारो आहेत, बी. रघुनाथ एकच. तात्पर्य, आडनाव जितके सर्वत्र आढळणारे, तितके नाव विरळ हवे; आडनाव विरळ असेल तर नावाने साधे राहावे. दोन्ही विरळ झाली की माणूस जन्मभर आपले नाव समजावून सांगत बसतो.

पण विरळ म्हणजे विचित्र नव्हे. याचे उदाहरण आपल्या पैठणातच आहे. गाथासप्तशतीचा संग्रह ज्याच्या नावावर सांगितला जातो, तो सातवाहन राजा हाल. नाव विरळ, कीर्ती मोठी; पण आज मुलाचे नाव हाल ठेवाल तर त्याचे खरोखरीच हाल होतील! देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव घ्या. नाव भारदस्त आहे. परंतु ते जोडाक्षर किती जणांना धड लिहिता येईल? वेगळे नाव शोधताना जुन्या काळाकडे जरूर जावे. मात्र जे आणावयाचे ते आजच्या जिभेला पेलेल एवढे पाहावे.

आता नाव आणि आडनाव जुळते की नाही, हे ओळखावे कसे? पहिली कसोटी कानाची. नाव कागदावर न लिहिता मोठ्याने म्हणावे. 'आकाश शिंदे' म्हटले की दोन 'श' एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला 'आका शिंदे' ऐकू येते. 'विनायक कदम' किंवा 'सुहास सावंत' म्हणतानाही मध्ये मुद्दाम थांबावे लागते. मुलींची नावे बहुधा आकारान्त. त्यांच्यापुढे स्वराने सुरू होणारे आडनाव आले की संधीच होतो. माया आपटे यांची 'मायापटे' होते. नावाचा शेवट आणि आडनावाचा आरंभ निराळ्या ध्वनींचा असला की दोन्ही शब्द मोकळे राहतात.

दुसरी कसोटी लांबीची. काळे, मोरे, दाते अशा दोन अक्षरी आडनावाला तीन-चार अक्षरी नाव तोलून धरते. धर्माधिकारी किंवा खुलताबादकर यांना लहान नाव बरे. नाही तर पूर्ण नाव म्हणेपर्यंत दम लागतो. तिसरी कसोटी अर्थाची. नाव एकटे सुंदर असते, पण आडनाव शेजारी आले की अर्थ उलटतो. शुभ्रा काळे, कांचन लोखंडे, अर्णव कोरडे! यांत वाईट काहीच नाही. एखाद्याला ही गंमत आवडेलही. मात्र ती जाणूनबुजून केलेली असावी. वर्गातल्या मुलांनी ती प्रथम शोधून काढावी, ही पाळी येऊ नये.

चौथी कसोटी हाकेची. आपण ठेवतो ते नाव आणि मित्र मारतात ती हाक यांत अंतर असतेच. प्रकाशचा पक्या होतो, अनिकेतचा अन्या होतो. तेव्हा नावाचे मोडके रूप आधी आपणच करून पाहावे. आद्याक्षरेही पाहावीत. आमचे ना. धों. महानोर आद्याक्षरांनीच महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. परंतु मुकुंद काशिनाथ आपली सही 'मु. का.' अशी करू लागला, तर लोक हसतील.

पाचवी कसोटी लिपीची, आणि ती मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे. १९४८ पर्यंत निजामी अमलात दफ्तराची भाषा उर्दू होती. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे एकच मराठी नाव दोन प्रकारे वाचता येई. आज ती जागा रोमन लिपीने घेतली आहे. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस 'द्न्य' असे म्हणतो आणि हिंदी माणूस 'ग्य' असे म्हणतो. रोमन लिपीतही दोघे ते निरनिराळे लिहितात. 'ऋ'चा आपण 'रु' करतो, उत्तरेत 'रि' करतात. शाळेच्या दाखल्यावर एक आणि पारपत्रावर दुसरे स्पेलिंग पडले की पुढची धावपळ ठरलेली. म्हणून विरळ नाव निवडाल, तर त्याचे रोमन रूप पहिल्याच दिवशी ठरवून एका कागदावर लिहून ठेवावे आणि सर्वत्र तेच द्यावे.

याला आता कायद्याचीही जोड मिळाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, पारपत्र, मतदारयादी इत्यादींसाठी जन्माचा मुख्य पुरावा धरला जातो. त्यावर जे नाव पडेल ते पक्के. पण म्हणून घाई करण्याचे कारण नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. नाव त्याच वेळी दिले पाहिजे असे नाही. नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते, आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेव्हा बारशाला आत्याने कानात नाव सांगितले, 'कुर्र' झाले, पाठीत धपाटे बसले, तरी कागदावर चढविण्यापूर्वी महिनाभर ते नाव घरात वापरून पाहावयास हरकत नाही.

दुसरा बदल महाराष्ट्र शासनाचा. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. म्हणजे बाळाच्या नावाशेजारी आता आई आली. आपल्या भूमीला हे अगदीच नवे नाही. पैठणच्या सातवाहनांनी सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी अशी मातेची खूण नावात बाळगली होती. तेव्हा नाव निवडताना आता चार शब्दांची माळ म्हणून पाहावी. आईच्या नावाशीही यमक किंवा अडखळ होते का, ते तपासावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. एके काळी लग्नात मुलीचे आडनावच काय, पण नावही बदलीत. आज अनेक मुली माहेरचेच नाव ठेवतात, काही सासरचे घेतात. तिचा निर्णय आपण आज करू शकत नाही. म्हणून मुलीचे नाव आजच्या आडनावाला शोभावेच, पण त्याच्या टेकूवाचूनही उभे राहावे.

आता आपल्या देशमुखांकडे परत जाऊ. 'गोदा' म्हणावे, तर 'गोदा देशमुख' यात 'दा'ला 'दे' लागून जीभ अडखळते. 'गोदावरी' नीट जुळते, पण आत्या नाखूष. मग 'पूर्णा' कसे वाटते? तापीला मिळणारी पूर्णा निराळी. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीला जाऊन मिळते. म्हणजे पणतीची नदी पणजीच्या नदीला मिळाली! हस्त नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर 'पू' आहे, आणि तिसऱ्याचा 'ण' नावाच्या पोटात आहे. नाव दोन अक्षरी, आडनाव चार अक्षरी. मैत्रिणी 'पुरणपोळी' म्हणतील. म्हणोत, गोडच आहे. दुसऱ्या घराला हेच नाव जमेल असे मी म्हणत नाही. सांगावयाचे एवढेच की, शोधले तर घरातल्या तिघांचेही ऐकणारे नाव सापडते, आणि पुष्कळदा ते आपल्याच नदीकाठी सापडते.

शेवटी नागसेनवनाची आठवण करतो. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने १९५० मध्ये येथे काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. त्या मिलिंद राजाने भिक्षू नागसेनाला त्याचे नाव विचारले, तेव्हा नागसेनाने उत्तर दिले ते असे की, नाव ही केवळ हाक मारण्याची सोय आहे; त्या शब्दात माणूस शोधू नये. रथ हे नाव जसे, तसेच हे. ते खरेच आहे. आईबाप शब्द देतात, त्यात अर्थ पुढे मूल भरते. म्हणूनच आपण द्यावयाचा तो शब्द तिला वाहावयास सोपा, लिहावयास सरळ आणि मोठेपणी स्वतःचा म्हणून मिरवावयास आवडेल असा असावा. एवढे आपल्या हाती आहे, बाकीचे तिच्या.