भोंग्याच्या घशात पाणी

तळेगाव दाभाडेला समुद्र नाही, पण भोंग्यांची वाण मात्र नाही. चाकणच्या रस्त्याला कंटेनर आणि ट्रेलर, स्टेशनात लोणावळ्याची लोकल, रुळांच्या कडेला ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी. पुढे फाटक आहे, शिटी वाजवा, असं ती मोटरमनला सांगते. शिटी म्हणायची ती जुन्या सवयीनं. वाजतो तो हवेवरचा भोंगाच. दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारख्या बोटींवर वाजतात ते भोंगेही याच कुळातले. त्यामुळे बोटीवरचा जुना भोंगा गप्प का बसतो, हे समजून घ्यायला घाट उतरण्याची गरज नाही. नाहीतरी नौदलाच्या अभियंत्यांना जहाजांची यंत्रं शिकवणारी ‘आयएनएस शिवाजी’ १९४५पासून लोणावळ्याच्या डोंगरातच आहे.

भोंग्याच्या मागच्या डबीत धातूचा एक पातळ, गोल पडदा असतो. चांगल्या भोंग्यात तो स्टेनलेस स्टीलचा किंवा फॉस्फर ब्राँझचा. कर्ण्याच्या आतल्या टोकाला तो अलगद दाबून बसलेला असतो. डबीत दाबाची हवा शिरली की पडदा मागे रेटला जातो, फट पडते आणि हवा कर्ण्यात निसटते. हवा निसटली की डबीतला दाब उतरतो आणि पडदा पुन्हा जागेवर आपटतो. लगेच दाब पुन्हा चढतो. सेकंदाला शेकडो वेळा हेच चालतं. सेनापती दाभाड्यांच्या गावाला वेगळं सांगायला नको: तुतारीवाल्याचे ओठ जे करतात, तेच हा पडदा करतो.

पडदा किती वेळा उघडझाप करणार, हे मुख्यतः कर्णा ठरवतो. आत गेलेली लाट कर्ण्याच्या तोंडाशी पोचली की तिचा काही भाग उलट फिरतो आणि पडद्याला ताल देतो. कर्णा लांब असेल तर लाटेला परतायला उशीर होतो आणि स्वर खाली उतरतो. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत याचा सुरेख उपयोग केला आहे. २०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याचा मूळ स्वर ७० ते २०० हर्ट्झ हवा, तर २० ते ७५ मीटरच्या बोटीचा २५० ते ७०० हर्ट्झ. दाट धुक्यात नुसत्या आवाजावरून समोरचं जहाज केवढं असेल याचा अंदाज बांधता येतो.

भोंगा बिघडला की लोक सगळ्यात आधी कर्णा घासूनपुसून चकचकीत करतात. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच, तो हवेत असतो. हवेत म्हणजे हवेतल्या पाण्यात. मावळातला जुलै डोळ्यांसमोर आणा. ३० अंशाच्या पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कंप्रेसरनं ती हवा टाकीत आठ बारच्या दाबाखाली कोंबली की तिचं आकारमान सुमारे एक नवमांश होतं. टाकी थंड होऊन परत ३० अंशावर आली, की तेवढ्या जागेत वाफ मावते जेमतेम साडेतीन ग्रॅम. उरलेलं २६-२७ ग्रॅम पाणी टाकीच्या तळाशी जमतं, तिथून पाइपात आणि शेवटी भोंग्याच्या डबीत. ट्रकचा जुना ड्रायव्हर सकाळी टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून फुस्स करतो, ते याचसाठी. नव्या गाड्यांत हे काम एअर ड्रायर करतो. बोटीवर अनेकदा कुणीच करत नाही.

दोष शोधायचा तो कानानं. बटण दाबल्यावर हवा सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा ‘टक्’ असा आवाजसुद्धा आला नाही, तर विजेचा मार्ग तपासा: फ्यूज, रिले, गंजलेलं टर्मिनल. इथे व्होल्टमीटर हमखास फसवतो. तार मोकळी असताना १२ व्होल्ट दाखवतो, आणि व्हॉल्व्हच्या कॉइलमधून प्रवाह वाहू लागला की गंजलेल्या जोडावरच निम्मे व्होल्ट खर्ची पडतात. मोजमाप बटण दाबून धरूनच करायचं. ‘टक्’ होतंय पण हवा येत नाही, तर व्हॉल्व्ह चिकटलाय. हवा नुसती सूं करत निघून जातेय, तर पडदा नीट टेकत नाही: खाली कचरा आहे, कड गंजलीय किंवा पडदा तडकलाय. गुळणा भरल्यासारखा आवाज म्हणजे पाणी. आवाज क्षीण असेल तर हवेचा दाब भोंग्याशीच मोजायचा, तोही भोंगा वाजत असताना. टाकीवरचा काटा आठ बार दाखवत असला तरी बारीक, लांब पाइपातून शेवटपर्यंत तेवढा दाब पोचत नाही. गळतीसाठी साबणाचं पाणी पुरेसं आहे. आणि कर्ण्यात बोट घालून पाहायला विसरू नका. कुंभारीण माशीला मातीचं घरटं बांधायला याहून सोयीची जागा नाही.

खोलण्याआधी हवा बंद करून टाकी रिकामी करायची. पाठीमागे दाब जुळवण्याचा स्क्रू असेल तर त्याच्या जागेची खूण करून ठेवायची. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे स्क्रू म्हणजे छोटी बॅटरीच. ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड धरते आणि स्क्रू जाम होतात. इथे जोर केला की डोकं तुटतं. तेल सोडून एक रात्र थांबलेलं बरं.

पडदा तडकलेला असेल तर डब्याचा पत्रा कापून बसवण्याचा मोह होतो. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. असा पडदा एक तर हलतच नाही, किंवा भलत्याच सुरात ओरडतो. शिवाय ३०० हर्ट्झचा भोंगा पाच सेकंद वाजला की पडदा दीड हजार वेळा वाकतो. एवढं वाकणं सोसणारा धातू डब्याच्या पत्र्यात नसतो.

हे सारं वाचून कुणी चाकण रस्त्यावरचा आपला बिघडलेला प्रेशर हॉर्न उतरवायला निघाला असेल, तर थांबा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९वा नियम बहुसुरी, कर्कश आणि दचकवणाऱ्या हॉर्नना मनाई करतो. रस्त्यावरचा तसला भोंगा मुका झाला, तर माझ्या मते ती दुरुस्तीच झाली. पाण्यावर मात्र तो भाषा आहे: एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझं इंजिन उलटं चाललंय, आणि पाच किंवा जास्त म्हणजे तुमचा इरादा मला कळत नाही.

त्यामुळे बोटीवर दुरुस्तीनंतर ‘वाजला’ एवढ्यावर समाधान मानू नये. धुक्यात चालत्या बोटीनं जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतरानं चार ते सहा सेकंदांचा लांब भोंगा द्यायचा असतो. तेव्हा कानांत बोळे घालून, कर्ण्यासमोरून बाजूला होऊन सहा सेकंद भोंगा द्या. दोन मिनिटांनी पुन्हा, आणि अर्धा तास असंच. दर वेळी वाजवण्याआधी काट्यावरचा दाब टिपून ठेवा. तो प्रत्येक खेपेला थोडा थोडा उतरत असेल, तर भोंगा पुन्हा खोलू नका, कंप्रेसरकडे वळा.