तो डाग म्हणजे पाळी नव्हे

पाकिटात गोळी एकच असते. ती घेतल्यावर चार-पाच दिवस धाकधुकीत जातात आणि सहाव्या दिवशी कपड्यावर तपकिरी डाग दिसतो. एखादी म्हणते, ‘सुटले एकदाची!’ दुसरीला तोच डाग पाहून धडकी भरते. विचारायचं कुणाला? गोळीच मुळात चोरून घेतलेली असते.

अंदाज दोघींचाही चुकतो.

भारतात ही तातडीची गर्भनिरोधक गोळी २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. तिच्यात लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असतं. रोज घ्यायच्या ‘माला-डी’च्या एका गोळीत तेच ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे इथे दहापट मात्रा एकदम पोटात जाते. गर्भाशयाचं अस्तर अशा संप्रेरकांच्या आधारानेच टिकतं. औषध ओसरलं, आधार गेला, की अस्तराचा थोडा भाग सुटतो. डाग पडतो तो त्याचा. गर्भ राहिला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

गोळीचं खरं काम वेगळंच आहे. अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडायचं असतं, ते ती लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि रुजलेला गर्भ तिने पडत नाही. म्हणूनच संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. मात्र थोपवलेलं बीज त्याच महिन्यात पुढे बाहेर पडू शकतं. ‘गोळी घेतलीय ना’ म्हणून नंतर निर्धास्त राहणाऱ्या कित्येकजणी इथेच फसतात, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पाळीचं वेळापत्रक यातच हलतं. पाळीच्या चक्राच्या सुरुवातीला गोळी घेतली तर पाळी बहुधा लवकर येते, उशिरा घेतली तर कधी लांबते. बहुतेकींना ती नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर मागेपुढे येते. त्याहून लांबली, किंवा संबंधाला तीन आठवडे होऊनही नीट पाळी आली नाही, तर लघवीची चाचणी करावी. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येऊन चक्कर येत असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. गर्भ बीजवाहक नलिकेत अडकलेला असू शकतो.

दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘शेवटची पाळी कधी आली?’ घाबरलेली मुलगी डागाची तारीख सांगते आणि दिवसांचा हिशेब चुकतो. त्या आधीच्या नेहमीच्या पाळीची तारीख सांगावी, आणि गोळी कधी घेतली तेही.