हिटलरला बहुमत कधी मिळाले?

"अहो, हिटलरसुद्धा लोकांनी निवडून दिलेलाच होता!" लोकशाहीवर कुठेही चर्चा सुरू झाली की हे वाक्य कानावर पडतेच, आणि ते ऐकले की माझी चिडचिड होते. सगळा दोष मतदारांच्या माथी मारला जातो आणि ज्यांनी त्याला आतून दार उघडून दिले ते मोकळे सुटतात.

जर्मनीच्या अधिकृत निकालांतले आकडे पाहा. एप्रिल 1932 मध्ये अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत हिंडेनबुर्ग यांना 53 टक्के मते मिळाली, हिटलरला 36.8. म्हणजे तो हरला. जुलैत संसदेच्या निवडणुकीत नाझी सर्वांत मोठा पक्ष ठरले, पण 608 पैकी 230 जागांवर. नोव्हेंबरात पुन्हा मतदान झाले, तेव्हा त्यांची सुमारे 20 लाख मते घटली आणि जागा 196 वर आल्या. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांच्या मिळून 221 होत्या. पण या दोघांचे आपसात हाडवैर. सर्वांत मोठा पक्ष आणि बहुमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे किती वेळा सांगायचे?

मग तो चॅन्सेलर झाला कसा? संसद आधीच लुळी पडली होती. 1930 पासून सरकारे बहुमतावर नव्हे, तर राज्यघटनेच्या कलम 48 खालच्या अध्यक्षीय वटहुकुमांवर चालत होती. 1932 मध्ये संसदेने जेमतेम 5 कायदे केले. त्यामुळे चॅन्सेलर कोण होणार हे हिंडेनबुर्ग यांच्या भोवतीची मूठभर माणसे ठरवू लागली. माजी चॅन्सेलर फॉन पापेन यांनी जानेवारी 1933 मध्ये कोलोनला एका बँकरच्या घरी हिटलरशी बोलणी केली आणि पुढे वृद्ध अध्यक्षांचे मन वळवले. 30 जानेवारीच्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच होते, व्हाइस चॅन्सेलर स्वतः पापेन. आपण याला दावणीला बांधला, अशी या उच्चभ्रूंची खात्री होती. संसद जळाल्यावर निघालेल्या 28 फेब्रुवारीच्या वटहुकुमाने भाषण, सभा, वृत्तपत्रे यांचे स्वातंत्र्य गेले. अशा दहशतीत 5 मार्चला मतदान झाले आणि तरीही नाझींना 43.9 टक्केच मिळाले!

महागाईने हिटलर आणला, हेही खरे नाही. नोटांची रद्दी झाली ती 1923 मध्ये. 1928 मध्ये नाझींकडे 2.6 टक्के मते होती. त्यांना वाढवले ते 1929 नंतरच्या मंदीने. बेकारांनी त्याला निवडले, हाही समज चुकीचा: युर्गेन फाल्टर यांच्या मतदार-अभ्यासानुसार बेकार कामगार कम्युनिस्टांकडे अधिक झुकले.

"पण सगळे कायद्यानेच झाले ना?" 23 मार्चला संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक आले. त्याला दोन तृतीयांश मते हवी होती. कम्युनिस्टांचे सर्व 81 खासदार तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होते. सभागृहात गणवेशातले नाझी उभे होते. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने होकार दिला. विरोधात भाषण केले ते सोशल डेमोक्रॅटांचे नेते ऑटो वेल्स यांनी, आणि त्यांच्या पक्षाच्या हजर असलेल्या सर्व 94 खासदारांनी विरोधात मत दिले. 22 जूनला त्या पक्षावर बंदी आली.