बाबा, मामा, पापा : कर्णबधिर मुलांची शाळा आणि भाषेचा प्रश्न

आरशासमोर उभे राहून आवाज न काढता तीन शब्द म्हणून पाहा : बाबा, मामा, पापा. ओठांकडे कितीही निरखून पाहिले तरी तिन्ही शब्द सारखेच दिसतात. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण. त्यांच्यातला फरक घशात आणि नाकात घडतो, तो बाहेरून दिसत नाही. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ यांचीही तीच गत. ‘काका’ म्हणताना तर ओठांना फारसे कामच नसते. ज्याला मराठी येते तो संदर्भावरून अंदाज बांधतो. पण ज्या मुलाला अजून मराठीच यायची आहे, त्याने अंदाज कशाच्या आधारावर बांधायचा?

मी या विषयाचा पदवीधर नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी जन्मतः कर्णबधिर. तिच्यामुळे मी वाचू लागलो, कर्णबधिर विद्यालयांत जाऊन मागच्या बाकावर बसू लागलो. ती अडीच वर्षांची असताना निदान झाले, कानात यंत्र आले आणि सोबत एक सल्लाही मिळाला : “घरात खुणा करू नका, बोलायचा कंटाळा करेल.” माझ्या बहिणीने तो निष्ठेने पाळला. पुढे मुलगी वसतिगृहाच्या शाळेत गेली. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीला घेऊन आली, तेव्हा दोघींचे हात तासन्‌तास चालू होते. बहीण मला म्हणाली, “दादा, घरात सगळ्यांत जास्त हीच बोलते रे, आणि मलाच काही कळत नाही.”

या वाक्यात जे दुखणे आहे, तेच कर्णबधिरांच्या शिक्षणातले मूळ दुखणे आहे, असे मला वाटते.

ऐकू येणे आणि भाषा येणे

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांच्या वर होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘बधिर’ आणि ६० ते ७० डेसिबल असलेली ‘ऐकू कमी येणारी’ ठरते. आपले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

श्रवणयंत्र चष्म्यासारखे आहे, असा समज असतो. चष्मा अक्षर स्पष्ट करतो. यंत्र मुख्यतः आवाज मोठा करते. त्यात शिक्षकांचा आवाज येतो तसा पंख्याचा, बाक सरकल्याचा आणि शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचाही येतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. कॉक्लिअर इम्प्लांटने अनेक मुलांना खरोखर लाभ होतो. मात्र शस्त्रक्रिया लहान वयात व्हावी लागते आणि पुढे वर्षानुवर्षे वाचाउपचार चालू ठेवावे लागतात.

या सगळ्यात मुलाचे वय थांबत नाही. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त असते. आईवडीलही कर्णबधिर असतील तर मूल वर्षाच्या आसपास पहिली खूण करते. ऐकणारे मूल पहिला शब्द उच्चारते त्याच सुमारास. पण दहापैकी नऊहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. त्यांना बोली भाषा पुरती ऐकू येत नाही आणि खुणांची भाषा घरात कोणाला येत नाही. मूल शाळेच्या दारात येते तेव्हा अनेकदा त्याच्याजवळ कोणतीच पूर्ण भाषा नसते. नंतर आपण त्याला ‘अभ्यासात मागे’ म्हणतो.

मिलानचा ठराव

खुणा करू नका, हा सल्ला कोठून आला? अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अॅबे द लेपे यांनी बहिऱ्या मुलांना त्यांच्याच खुणांच्या आधारे शिकवायला सुरुवात केली होती. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने ठराव केला की, शिक्षण तोंडी पद्धतीनेच व्हावे आणि खुणांना त्यात स्थान नसावे. दीडशेहून अधिक प्रतिनिधींमध्ये स्वतः बहिरे असलेले जवळजवळ कोणी नव्हते. पुढे जगभरच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या आणि बहिरे शिक्षकही गेले. याच दशकात मुंबईत आपल्याकडची पहिली बधिरांची शाळा निघाली. आपल्या शाळाही प्रामुख्याने तोंडी पद्धतीच्याच वाटेने गेल्या. खुणा जगल्या त्या वसतिगृहांत, मधल्या सुट्टीत, शिक्षकांची पाठ वळल्यावर.

याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हरच्या अधिवेशनाने २०१० मध्ये मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षे गेली होती. खुणांमुळे बोलणे मागे पडते, या समजुतीला संशोधनातून निर्विवाद आधार मिळालेला नाही.

हातांचे व्याकरण

खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, हे अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये शास्त्रीय पद्धतीने मांडले. आपल्याकडचा पहिला मोठा अभ्यास १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला. त्यात एक नाव मदन वशिष्ठ यांचे होते. हिमाचलमधल्या एका गावात वाढलेले, वयाच्या अकराव्या वर्षी श्रवणशक्ती गमावलेले हे गृहस्थ पुढे अमेरिकेतील गॅलॉडेट येथे शिकले. दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर येथील खुणांचा त्यांनी सहकाऱ्यांसह अभ्यास केला. शहरागणिक शब्द थोडेफार बदलतात, पण पाया एकच असल्याचे दिसले. हीच आपली भारतीय सांकेतिक भाषा.

या भाषेत प्रश्नार्थक शब्द शेवटी येतो : ‘तू – जाणे – कुठे’. ‘हो-नाही’चा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो. जागेचा वापर तर व्याकरणासारखा होतो. माझ्या भाचीने सहावीत लिहिलेले एक वाक्य मी जपून ठेवले आहे : ‘आई बाजार भाजी आणली.’ शिक्षकांनी त्यावर लाल फुली मारली होती. तिच्या हातांत मात्र हे वाक्य निर्दोष आहे. समोरच्या हवेत ती एका जागी बाजार ‘ठेवते’ आणि आणण्याची खूण तिथून स्वतःकडे ओढते. मराठीतला ‘तून’ हा प्रत्यय त्या ओढण्यात आला. ‘ने’साठी वेगळी खूण लागत नाही.

मराठीचे प्रत्यय शब्दाच्या शेपटाला, आघाताशिवाय येतात. ‘ने’ आणि ‘ला’ यांत जीभ आतल्या आत हलते, ओठांवरचा फरक चटकन टिपता येत नाही. आता गणिताच्या पुस्तकातले उदाहरण घ्या : ‘रमेशने सुरेशला ५ आंबे दिले’ आणि ‘रमेशला सुरेशने ५ आंबे दिले’. रमेशचे आंबे मोजताना बेरीज करायची की वजाबाकी, हे एका अक्षरावर ठरते. मुलगी हिशेबात चुकत नसते, तिला ते अक्षरच मिळालेले नसते. गुणपत्रिकेत मात्र गणित कच्चे दिसते.

म्हणून लिखित मराठी तिला दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. हाताशी असलेल्या भाषेतून अर्थ आधी, मग त्याच अर्थाचे मराठी रूप, प्रत्ययांसह, डोळ्यांसमोर लिहून. आपण इंग्रजी मराठीतून शिकलो, तसेच हे आहे.

वर्गात काय लागते

कायद्याने योग्य भाषेत आणि योग्य संवादपद्धतीने शिक्षण देण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार शब्द आले. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० मध्ये झाला. त्याच वर्षीच्या शैक्षणिक धोरणानेही या भाषेची दखल घेतली. कागद बराचसा तयार आहे.

वर्गातले चित्र मात्र पुष्कळदा असे दिसते : मुलाला सर्वसाधारण शाळेत पहिल्या बाकावर बसवले की समावेशन झाले, असे मानले जाते. शिक्षक फळ्याकडे वळून बोलतात, त्या क्षणी त्याचा वर्ग संपतो. शिक्षकांच्या मागे खिडकी असेल तर चेहरा काळवंडतो. वही लिहायला मान खाली घातली की पुढचे वाक्य गेले. ऐकणारी मुले दोन्ही एकदम करतात, डोळ्यांनी ऐकणाऱ्याला ते शक्य नाही. यांतल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. आधी लिहावे, मग वळून बोलावे. चर्चेत एका वेळी एकाने बोलावे आणि कोण बोलते ते हाताने दाखवावे. टिपणे आधी द्यावीत. चित्रफितीला मराठी मथळे असावेत.

पैसा आणि माणसे लागतात ती पुढच्या गोष्टींना : जन्मतःच श्रवणतपासणी, खुणांत खरोखर प्रवीण असलेले शिक्षक, दुभाषे आणि मुख्य म्हणजे कर्णबधिर शिक्षक. कर्णबधिर मोठे माणूस शिकवताना पाहिले की मुलाला आपल्यालाही मोठे होता येते हे कळते. आणि निदान झाल्याच्या दिवशीच आईवडिलांना यंत्राबरोबर भाषेचाही पत्ता मिळायला हवा. यंत्र, वाचाउपचार आणि खुणा यांपैकी एकच निवडा, असा हट्ट कशासाठी?

माझी बहीण आता पन्नाशीला आली. दोन वर्षांपूर्वी तिने खुणा शिकायला सुरुवात केली. शिकवते मुलगीच. परवा स्वयंपाकघरात दोघींचे भांडण झाले. कशावरून, ते मला कळले नाही; त्या दोघींना मात्र पुरते कळत होते. भांडण संपल्यावर बहीण हसत म्हणाली, “वीस वर्षांचं साठलेलं काढते आहे रे.”