मोडीतले देव

तुळजापुरात मंदिराकडे जाताना दोन्ही बाजूंना कवड्यांच्या माळा, परड्या, हळदीकुंकवाच्या राशी लागतात. त्यांच्यातच टाकांची ताटं. ठशावर पत्रा ठोकून उठवलेली भवानी, घोड्यावरचा खंडोबा. नवे टाक घेणाऱ्यांची गर्दी असते. मला ओढ असते जुन्यांची, आणि ते ताटात नसतात. ते सोनाराच्या पेटीत, मोडीत सापडतात.

टाकाचं नाकडोळ्यांचं काम दिसेनासं झालं की घरचे लोक तो नदीत सोडतात, नाहीतर मोडीत घालून नवा करून घेतात. यात देवाचा अवमान कुणाला वाटत नाही. देव नव्या टाकात येतो, एवढंच. संग्राहक नेमका जुना टाक सुटणं आणि नवा होणं यांच्या मध्ये हात घालतो. सोनार वजन बघतो, तो झीज बघतो.

झीज वाचता यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या दूध-दह्याने न्हाऊन, चिंचेने आणि राखेने घासून निघालेल्या टाकाचे उंचवटे आधी जातात: देवीचं नाक, घोड्याचं तोंड, तलवारीची मूठ. खाचांमध्ये मात्र कुंकवाचा जुना, दगडासारखा घट्ट थर राहतो. मुद्दाम जुना केलेला टाक सगळीकडून सारखाच घासलेला असतो, आणि काळेपणा खाचेपेक्षा पाठीवर जास्त. पाठ उलटून न बघता पैसे मोजणाऱ्याची कीव करावी. गिऱ्हाईक येणार म्हणून टाक लख्ख उजळून ठेवणाऱ्या दुकानदाराची तर जास्तच.

पण खरा प्रश्न झिजेचा नाही. हा टाक कुणाच्या घरचा? गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, शेजारी कोणकोणते टाक होते? देवघरात टाक एकटा नसतो. खंडोबा, भवानी, जोतिबा, शिवाय घरातल्या अकाली गेलेल्या माणसाचा वीराचा टाक, असा मेळ असतो, आणि त्या मेळात कुळाची ओळख असते. मेळ फोडून एकेक विकला की हातात चांदीचं चित्र उरतं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: ‘जुना आहे साहेब, लई जुना.’ तांड्यांवरच्या जुन्या लमाणी भरतकामाचंही तेच झालं. आरसे-कवड्या लावलेला लग्नातला घागरा कापून त्याच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे झाले. टाके तेच राहिले, बाईचं लग्न त्यातून निघून गेलं.

म्हणूनच तेरला जायला हवं. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेली ही बाजारपेठ. तिथलं कापड भडोचला जाई. ते तगर हेच, असं अभ्यासक फ्लीटने 1901 साली मांडलं. तेरणेकाठच्या या गावाखाली जुन्या वस्तीची पांढरी आहे. मराठवाड्यात पांढरीची माती धाब्याच्या छतावर आणि शेतात टाकायची रीत जुनी; माती उकरली की खापरं आणि मणी वर येतात, पावसाने धुतलं की आणखी दिसतात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू गोळा केल्या. आज त्यांच्या नावाने तिथे शासकीय संग्रहालय आहे.

तिथल्या कपाटापुढे मी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मऊ मातीच्या, मूर्तींपाशी. दोन साच्यांत दाबून, आतून पोकळ. कडेला सांध्याची रेघ नीट बघितल्यास दिसते. गुडघे दुमडून बसलेली लज्जागौरीही इथली. रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. या मूर्ती सांभाळण्यासाठी केल्या होत्या की नवसाला वाहून सोडून देण्यासाठी? मातीचा स्वस्तपणा बघून मला दुसरं पटतं.

लामतुऱ्यांच्या संग्रहालाही उणीव आहेच: वरून वेचलेला मणी जमिनीच्या कोणत्या थरातला, ते कळत नाही. तो थर 1958 साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांच्या उत्खननाने दिला. तरीही निदान गाव पक्कं आहे. वस्तू तेरची आहे आणि तेरलाच आहे, हे पुण्यामुंबईच्या किती खासगी कपाटांना म्हणता येईल?

पुराणवस्तूंचा कायदा 1972चा आहे. शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, आणि पुराणवस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला तर 1878चा कायदा लागतो. घरोघरच्या टाकांवर मात्र कुणाचं लक्ष नाही, आणि ते कायद्याचं काम आहे असंही मला वाटत नाही.

अलीकडे मी टाक विकत घेणं सोडलंय. घरी जातो, ताटातला मेळ आहे तसा मांडून ठेवायला सांगतो, पुढून-मागून फोटो काढतो आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारतो, ‘आजी, हा वीर कोण?’ मुलांना ते ठाऊक नसतं. आजी नाव सांगते, तो विहिरीत पडला की तापाने गेला तेही सांगते, आणि मग मला दम भरते, ‘लिवून घे नीट, परत नाही सांगायची.’