दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, या संघटनेच्या बैठका मुंबई-पुण्यात रोज कुठे ना कुठे भरतात, तरी शेजारच्या इमारतीत राहणाऱ्यांना त्याची खबर नसते. शाळा सुटल्यावर रिकामा झालेला वर्ग, चर्चच्या आवारातली खोली, एखादा सार्वजनिक हॉल अशा जागी संध्याकाळी थोडी माणसे जमतात आणि तास-दीड तासाने पांगतात. जाहिरात कुठेच नसते, आणि ती मुद्दामच नसते. १९५० साली संघटनेने स्वीकारलेल्या बारा परंपरांनुसार प्रसिद्धीमागे धावायचे नाही आणि सदस्याची ओळख बाहेर फोडायची नाही. दारू सोडू पाहणाऱ्याला याच निनावीपणाचा आधार वाटतो. मात्र नवख्याला बैठक सापडत नाही तीही त्यामुळेच.

संघटनेचा जन्मसुद्धा अशा एका शोधातून झाला. १९३५ साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला बिल विल्सन कामानिमित्त ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी गेला होता. काम फिसकटले आणि हॉटेलातला बार खुणावू लागला. त्याने हॉटेलातूनच स्थानिक धर्मगुरूंना फोन लावले आणि आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याची गाठ घालून द्या, अशी विनंती केली. त्यातून भेट झाली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची. दारूत बुडालेल्याशी दारूतून उठलेल्यानेच बोलावे, हे सूत्र तिथून आले. भारतात एएचे काम १९५७ पासून चालते.

आज बैठकीचा पत्ता मिळण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे एएचे संकेतस्थळ आणि हेल्पलाइन. भारतातल्या कामाचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. एएच्या हेल्पलाइनवर बहुधा सदस्यच बोलतात, म्हणजे ज्यांनी स्वतः हे सगळे भोगलेले असते. त्यामुळे आडवळणाने विचारायची गरज पडत नाही. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे, तर मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६. सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र हाही चांगला मार्ग, कारण एएचे सदस्य अशा ठिकाणी जाऊन आपली माहिती देत असतात. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेले ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उपचारानंतरच्या पाठपुराव्यासाठी स्वतःही बैठका घेते.

नुसता पत्ता पुरत नाही. वार आणि वेळ बदललेली असू शकते, म्हणून निघण्याआधी विचारून घेणे बरे. बैठक मराठीत होते, हिंदीत की इंग्रजीत (गोव्यात कोकणीतही) हेही विचारावे; मनातले ओझे परक्या भाषेत उतरवणे कठीण असते. बैठक खुली की बंद हा तिसरा प्रश्न. बंद बैठकीला फक्त दारू सोडण्याची इच्छा असलेलेच बसतात. खुल्या बैठकीला नातेवाईक आणि इतरही येऊ शकतात. ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने अनेक जण सुरुवातीला दोन स्टेशने पलीकडचा ग्रुप निवडतात. त्यात वावगे काही नाही, पण पावसाळ्यात, थकल्या दिवशी माणूस टिकतो तो घराजवळच्या ग्रुपमध्येच.

आत गेल्यावर नाव-गाव नोंदवावे लागत नाही. पहिले नाव पुरते, तेही सांगायचे असेल तर. एकेक जण आपला अनुभव सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. फी नसते, शेवटी फिरणाऱ्या थैलीत ऐपतीप्रमाणे काही टाकावे किंवा टाकू नये. दारूपासून सुटण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो आणि तो काहींना खटकतो. ‘आपल्याला समजलेला’ ईश्वर एवढीच तिथे अपेक्षा असल्याने नास्तिकही या बैठकांत टिकलेले आहेत. एक ग्रुप रुचला नाही तर दुसरा पाहावा. स्त्रियांची अडचण जास्त खरी आहे: पुरुषांनी भरलेल्या खोलीत तोंड उघडणे जड जाते. अशा वेळी फोनवर स्त्री सदस्याशीच बोलायचे आहे असे सांगावे. कोविडनंतर रुळलेल्या ऑनलाइन बैठकांचा आधार खेड्यातल्यांना आणि परदेशातल्या मराठी माणसांनाही मिळतो.

बैठक हा वैद्यकीय उपचार नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार दोन-चार दिवसांत होऊ शकतात आणि ते जिवावरही बेततात; म्हणून आधी डॉक्टर. मात्र पुढे दारूपासून दूर राहण्यासाठी एएकडे वळवणारे उपचार उपयोगी पडतात, असे २७ अभ्यासांच्या आधारे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यात दिसले.

पिणारा यायला तयार नसेल, तरी घरच्यांना थांबून राहावे लागत नाही. पती, पत्नी, आई-वडील यांच्यासाठी १९५१ पासून ‘अल-अ‍ॅनॉन’ ही वेगळी संघटना आहे आणि तिच्याही बैठका भरतात. तिथे जायला पिणाऱ्याची परवानगी लागत नाही.