पडलेली पाटी उठत का नाही? एका जुन्या पिनबॉल यंत्राची दुरुस्ती आणि माझी एक चूक

मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. धूर, डोंगर, अग्नी हे सगळं झालं. तेव्हा एका श्रोत्याने लिहून विचारलं होतं की हे व्यवहारात कुठे लागतं. आज त्याचंच उत्तर देतो, पण डोंगरावर न जाता तळघरात जाऊन. माझी मुलगी शिकागोजवळ राहते आणि वर्षातले काही महिने मी तिच्याकडे असतो. तिथल्या तळघरात जावयांनी हौसेने घेतलेलं १९७०च्या दशकातलं पिनबॉलचं यंत्र आहे. त्याच्याशी माझी जी झटापट झाली, तिच्याबद्दल आज बोलणार आहे.

पिनबॉल म्हणजे काय ते आधी थोडक्यात. तुमच्यापैकी माझ्या वयाच्या लोकांनी लहानपणी बगाटेल खेळलेलं असेल. लाकडी फळी, खिळे, स्प्रिंगने उडवायची गोळी. पिनबॉल त्याच घराण्यातला. स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत १८७१ साली घेतलं. बोटांनी हलवायचे फ्लिपर १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात आले. हा सगळा धंदा मुख्यतः शिकागोचा. गंमत म्हणजे न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून १९७६ पर्यंत पिनबॉलवर बंदी होती, कारण तो जुगार समजला जाई.

आजचा आपला विषय आहे ड्रॉप टार्गेट. त्याला मी सरळ 'पाटी' म्हणतो. खेळाच्या फळीवर अशा चार-पाच प्लॅस्टिकच्या पाट्या ओळीने उभ्या असतात. गोळी लागली की पाटी फळीखाली नाहीशी होते. सगळ्या पडल्या की खाडकन आवाज होऊन सगळ्या परत उभ्या राहतात. ही कल्पना १९६२ साली विल्यम्स कंपनीच्या 'व्हॅगाबाँड' या यंत्रात आली. त्याचे रचनाकार स्टीव्ह कॉर्डेक.

आतली रचना साधी आहे. पाटीच्या पाठीला एक छोटी पायरी असते आणि ती पायरी धातूच्या चौकटीच्या कडेवर टेकलेली असते. खालून एक स्प्रिंग पाटीला सतत खाली ओढत असते, पण पायरी टेकलेली आहे म्हणून पाटी पडत नाही. गोळी लागली की पाटी मागे सरकते, पायरी कडेवरून सुटते आणि स्प्रिंग आपलं काम करते. पडताना पाटी एक पातीचा स्विच मिटवते, म्हणजे दोन धातूच्या पात्या एकमेकींना टेकतात. परत उभं करायला खाली एक कॉइल असते. तिच्यात वीज आली की लोखंडी दांडा आत ओढला जातो, त्याला जोडलेली पट्टी सगळ्या पाट्यांना एकदम वर ढकलते आणि पायऱ्या पुन्हा कडेवर बसतात.

या जुन्या यंत्रांत संगणक नाही. मग सगळ्या पाट्या पडल्या हे यंत्राला कळतं कसं? आमच्या यंत्रात पाचही पाट्यांचे स्विच एका माळेत आहेत, दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे. पहिला मिटला आणि दुसरा मिटला आणि तिसरा... असे पाचही मिटले तरच वीज पुढे जाते, एक रिले ओढला जातो आणि तो कॉइलला वीज देतो. तर्कशास्त्रात आपण जो 'आणि' फळ्यावर लिहितो, तो इथे तांब्याच्या तारेने लिहिलेला आहे. (हशा) वर्गात मी तीस वर्षं तो खडूने लिहिला. हे यंत्र आधी भेटलं असतं तर विद्यार्थी कमी झोपले असते.

आता तक्रार काय होती ते सांगतो. पाचही पाट्या पडायच्या, गुण मिळायचे, पण पाट्या उठायच्या नाहीत. खाडकन आवाजही नाही.

इथे पहिली पायरी अशी. प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण पेटीत येणाऱ्या तारांवर तिथला १२० व्होल्टचा दाब तसाच असतो. गोळी बाहेर काढा, फळी उचलून टेकू लावा आणि पाट्या उचलणारी पट्टी हाताने वर ढकला. पाचही पाट्या नीट बसल्या तर यांत्रिक भाग बहुधा ठीक आहे आणि दोष विजेत शोधायचा. हाताने ढकलूनही बसत नसतील तर विजेकडे बघायचं कारणच नाही. ही एक कृती निम्मे संशय दूर करते, आणि लोक नेमकी तीच गाळतात.

आमच्या पाट्या हाताने सुरेख बसल्या. म्हणजे दोष विजेत. मी माळेतल्या स्विचांवर संशय घेतला, तोवर बरोबर होतं. आता पाचांतला गुन्हेगार कोण? मी अन्वय-व्यतिरेक लावला. पाचही पाट्या पाडल्या, यंत्र चालू केलं, आणि वेष्टण असलेल्या चिमट्याच्या तारेने एकेका स्विचला वळसा दिला. ज्याला वळसा दिल्यावर रिले ओढला जाईल, तो स्विच खराब. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. असं करत पाचही झाले. रिले हलला नाही. मी निष्कर्ष काढला की स्विच निर्दोष आहेत, मग दांडाच जाम झाला असणार. आणि मुलीच्या शिवणयंत्राची तेलाची बाटली आणून कॉइलच्या दांड्यावर चार थेंब सोडले.

थांबा. यात किती चुका झाल्या ते पाहा. एक तर रिलेच ओढला जात नसताना त्याच्या पुढच्या दांड्याला दोष देणं हेच चुकीचं, आणि तो दांडा मी नुकताच हाताने सहज हलवला होता. पण मोठी चूक वेगळी आहे. एकेकाला वळसा देण्याची परीक्षा तेव्हाच उपयोगी, जेव्हा गुन्हेगार एकच असतो. आमच्या माळेत दुसरा आणि पाचवा असे दोन स्विच मळलेले होते. एकाला वळसा दिला तरी दुसरा वाट अडवून बसलेला. 'कारण एकच आहे' हे गृहीत मी न सांगता आत घुसवलं होतं.

मग झालं काय, तर तेल घातल्यावर यंत्र चालू झालं! खाडकन पाट्या उठल्या. नातवाने टाळ्या वाजवल्या, मी शहाण्यासारखा मान हलवली. खरी गोष्ट अशी की या सगळ्या खटाटोपात मी पाट्या दहा-वीस वेळा वरखाली केल्या होत्या, त्यामुळे पात्या घासल्या गेल्या आणि मळ तेवढ्यापुरता सरला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. काकतालीय न्याय म्हणतात तो हाच. मी तो शिकवलाय, परीक्षेत विचारलाय, आणि न लिहिणाऱ्यांना नापास केलंय.

दोन महिन्यांनी थंडीत नातू एकटा खाली खेळत होता. मला वास आला, जळलेल्या वार्निशचा. हा वास ज्यांनी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात घेतलाय त्यांना सांगायला नको. खाली गेलो तर फळीच्या फटीतून धूर येत होता आणि पोरगं कुतूहलाने काचेवर वाकून बघत होतं. मी प्लग खेचला. माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते.

झालं होतं ते असं. तेलात धूळ बसून त्याचं चिकट किटण झालं. दांडा अर्ध्यात अडकला, पाट्या उठल्या नाहीत, म्हणून पाचही स्विच मिटलेलेच राहिले, म्हणून रिले ओढलेलाच राहिला, आणि कॉइलमधून वीज वाहतच राहिली. ही कॉइल क्षणभराच्या ठोक्यासाठी केलेली असते. सतत वीज दिली की ती तापते आणि जळते. म्हणून या दांड्यांना तेल कधीही घालायचं नाही. दांडा नायलॉनच्या नळीत कोरडाच सरकतो. नळी झिजली तर नवी घालायची, ती फार महाग नसते.

पण मग फ्यूज का उडाला नाही? काढून पाहिला तर यंत्राच्या नकाशात लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त अँपिअरचा फ्यूज बसवलेला. आधीच्या कुणा मालकाने, सारखा उडतो म्हणून, तो घातला असणार. नातवाने मला विचारलं, "आबा, मग चूक तुझ्या तेलाची की त्या माणसाच्या फ्यूजची?" मी म्हटलं, दोन्ही. त्याचं समाधान झालं नाही. न्यायशास्त्रात साधारण आणि असाधारण कारण असा भेद आहे, पण त्याच्या आधाराने मी तेलाच्या बाटलीतून सुटत नाही, हे त्या वेळीही मला कळत होतं. फ्यूज योग्य असता तर धूर झाला नसता. तेल नसतं तर फ्यूजची वेळच आली नसती.

दुरुस्ती मग रीतसर केली. आधी फोटो काढले, तारांचे रंग लिहून घेतले. जळलेल्या कॉइलच्या वेष्टणावर छापलेला क्रमांक पाहून त्याच क्रमांकाची नवी मागवली. नळी नवी घातली. दांड्याचं टोक आपटून आपटून अळंबीसारखं पसरलं होतं, ते कानशीने सारखं केलं. तेलाचं किटण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. फ्यूज नकाशाप्रमाणे बसवला. आणि या वेळी पाचही स्विच साफ केले, संशय असो वा नसो.

स्विच साफ करण्याबद्दल एक सांगतो. जुन्या स्कूटरचे सीबी पॉइंट ज्यांनी घासले आहेत त्यांचा हात लगेच कानशीकडे जाईल. आमच्यासारख्या रिलेच्या यंत्रात बारीक कानस हलक्या हाताने चालते. पण १९७७च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. त्यांच्या स्विचवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तिथे कानस लावली की स्विच कायमचा गेला. तिथे जाड व्हिजिटिंग कार्डाची पट्टी दोन पात्यांच्या मध्ये धरून ओढायची, बस्स. आणि पात्यांमधलं अंतरही पाहायचं. पाटी पडल्यावर पाती नुसती टेकून चालत नाही, थोडी दबली पाहिजे. म्हणजे ती घासली जाते आणि स्वतःला साफ ठेवते.

दुसऱ्या तक्रारी झटपट सांगतो. गोळी जोरात लागूनही पाटी पडत नसेल तर स्प्रिंग निसटली आहे का, खोबणीत मळ आहे का, ते पाहा. शेजारच्या धक्क्याने पाटी आपोआप पडत असेल तर बहुधा पायरीची धार गोल झालेली असते, पण चौकट वाकलेली असण्याचाही संभव आहे. इथे अन्वय-व्यतिरेक खरा चोख बसतो. ती पाटी शेजारच्या पाटीशी अदलाबदल करा. दोष पाटीबरोबर सरकला तर पाटी झिजली. दोष जागेवरच राहिला तर चौकट किंवा पट्टी.

आमची चौथी पाटी अजून मधूनच आपोआप पडते. अदलाबदल करून पाहिली, दोष पाटीबरोबर सरकला. नवी मागवली आहे. नातू म्हणतो, ती तशीच राहू दे, फुकटचे गुण मिळतात. आता तुमचे प्रश्न घेऊ.